इसब आणि रक्तातली चरबी

लहानपणापासून इसब असलेल्या माणसाने चाळिशीत रक्त तपासून घेतले आणि लिपिड प्रोफाइलच्या कागदावर दोन आकडे ठळक अक्षरांत छापून आले, की त्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो: हेही त्या इसबाचेच देणे आहे का? प्रश्न वाजवी आहे. सोरायसिस आणि हृदयविकार यांचे नाते गेल्या वीस वर्षांत चांगलेच स्पष्ट झाले आहे आणि इसब हाही दाहाचाच आजार आहे. इथे इसब म्हणजे ॲटोपिक इसब. नायटा किंवा गजकर्ण ही बुरशीची बाधा, खरूज हा किड्यांचा उपद्रव. या लेखातला आजार या दोन्हींहून वेगळा. दमा, सर्दी-शिंका यांच्या घराण्यातला, बहुतेकदा बालपणीच सुरू होणारा, कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत ठाण मांडून बसणारा आणि खाजेने रात्रीची झोप उडवणारा हा आजार आहे. त्याच्या रुग्णांच्या रक्तातल्या चरबीवर जवळजवळ शंभर वर्षे अभ्यास होत आला आहे. तो सारा पुरावा एकत्र ठेवून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, इसब स्वतःहून कोलेस्टेरॉल वाढवतो असे म्हणण्याइतका आधार हाती लागत नाही. वाढ दिसते तेव्हा ती बहुतांशी वजन, मोडलेली झोप आणि औषधे या तीन वाटांनी आलेली असते. यातली नेमकी वाट ओळखल्याशिवाय त्या आकड्याचे करायचे काय, हे ठरत नाही.

या विषयात पहिला घोटाळा होतो तो दोन चरब्यांचा. इसबाच्या कातडीत चरबी कमी असते हे खरे आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधला चुना स्निग्ध द्रव्यांचा असतो. वजनाने त्यातला सुमारे निम्मा भाग सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मुक्त मेदाम्ले. इसबात सेरामाइड घटते, मेदाम्लांच्या साखळ्या आखूड होतात, भिंतीला फटी पडतात, आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष या आजाराची शक्यता वाढवतात, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवले आणि भिंतीचा हा विचार आजाराच्या केंद्रस्थानी आला. पण हा चुना त्वचा मुख्यतः स्वतःच कालवते. वरच्या थरांतल्या पेशी आपले कोलेस्टेरॉल जागीच तयार करतात, रक्तातल्या एलडीएलची, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलची, वाट पाहत नाहीत. इसबातला दाह त्या कारखान्यातच बिघाड करतो: इंटरल्युकिन-४ आणि १३ हे संदेशवाहक लांब साखळीची मेदाम्ले घडवणाऱ्या एन्झाइमांना दाबतात. म्हणून रक्तातले कोलेस्टेरॉल जास्त असूनही त्वचा कोरडीठाक असू शकते, आणि रक्तात ते कमी असूनही त्वचा तुकतुकीत असू शकते. ‘अंगात स्निग्धता नाही म्हणून कातडी फुटते, तूप वाढवा’ हा सल्ला आणि ‘इसब आहे, म्हणजे रक्तात घाण साचली आहे, तेल-तूप बंद करा’ हा त्याच्या उलटा सल्ला, दोन्ही एकाच गैरसमजातून निघतात. त्वचेला हवी ती स्निग्धता बाहेरून, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चोपडलेल्या मलमातून मिळते.

एका जागी मात्र रक्त आणि त्वचा यांची खरी गाठ पडते. लिनोलिक आम्ल शरीराला बनवता येत नाही. ते अन्नातून येते, रक्तातून त्वचेपर्यंत पोचते आणि भिंतीतल्या सर्वांत महत्त्वाच्या सेरामाइडचा भाग होते. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना चरबीविरहित खुराक दिला, तेव्हा त्यांची कातडी खवलेदार झाली. मेदाम्ले ‘अत्यावश्यक’ असू शकतात ही कल्पना तिथून आली. पुढे १९३३ मध्ये, ज्या वर्षी वाइज आणि सल्झबर्गर यांनी ‘ॲटोपिक डर्मटायटिस’ हे नाव सुचवले त्याच वर्षी, मिनेसोटाचे बालरोगतज्ज्ञ आरिल्ड हॅन्सन यांनी इसब असलेल्या तान्ह्या मुलांच्या रक्तातली चरबी तपासली. तिच्यातले असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण त्यांना कमी आढळले आणि त्यांनी त्या मुलांना तेले देऊन पाहिली. इसबातल्या रक्तमेदांच्या संशोधनाचा आरंभ असा चरबीच्या कमतरतेच्या शोधापासून झाला, हे आज विसरले गेले आहे. १९८२ मध्ये डेव्हिड हॉरोबिन यांच्या गटाने त्याच धाग्याला नवे रूप दिले. इसबाच्या रुग्णांत लिनोलिक आम्ल पुरेसे असते, पण त्यापासून पुढे बनणारी आम्ले कमी असतात, म्हणजे मधले एक एन्झाइम मंद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते एन्झाइम टाळून थेट पुढचा पदार्थ द्यायचा म्हणून इव्हिनिंग प्रिमरोजच्या बियांचे तेल कॅप्सूलमधून आले आणि ब्रिटनमध्ये त्याला इसबावरचे औषध म्हणून परवानाही मिळाला. २००२ मध्ये तो परवाना परिणामकारकतेच्या अभावी काढून घेण्यात आला, आणि २०१३ च्या कॉक्रन आढाव्यात २७ चाचण्यांतले १,५९६ रुग्ण एकत्र मोजल्यावर हे तेल आणि बोरेजचे तेल बिनऔषधी कॅप्सूलपेक्षा सरस ठरले नाही. ही कॅप्सूल आपल्याकडे आजही लिहून दिली जाते. मला या कहाणीतले सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की रक्तात आढळलेला फरक खरा असला तरी तोच आजाराचे कारण असेल असे नाही. तो भरून काढल्यावर आजार हटला नाही, तेव्हा तो फरक बहुधा आजाराच्या मागून आलेला होता. कोलेस्टेरॉलच्या आजच्या चर्चेत हा धडा पदोपदी उपयोगी पडतो.

ती चर्चा सुरू झाली मोठ्या लोकसंख्येच्या सर्वेक्षणांतून. सर्वांत अधिक उद्धृत होणारे काम अमेरिकेतल्या सिल्व्हरबर्ग आणि ग्रीनलँड यांचे, २०१५ चे. राष्ट्रीय आरोग्य मुलाखतींच्या २०१० आणि २०१२ या दोन वर्षांच्या फेऱ्यांतून त्यांनी अनुक्रमे २७,१५७ आणि ३४,५२५ प्रौढांची माहिती घेतली. इसब असल्याचे सांगणाऱ्यांत अतिस्थूलता, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल अधिक आढळले. पण याच लोकांत धूम्रपान जास्त आणि जोरकस व्यायाम कमी होता. आणि ज्यांची झोप मोडलेली होती त्यांच्यात हे सारे धोके आणखी वाढलेले होते. झोपेचा हा तपशील मला निष्कर्षाहूनही बोलका वाटतो. खाजेने रोज रात्री दोनदा-तीनदा जाग येणारा माणूस दिवसा थकलेला असतो, थकलेला माणूस कमी हालतो आणि जास्त खातो. घाम आला की खाज वाढते म्हणून मैदान, पोहणे, धावणे बालपणीच सुटलेले असते. शिवाय अशा मुलाखतीत ‘तुम्हाला डॉक्टरांनी कधी कोलेस्टेरॉल जास्त असल्याचे सांगितले आहे का’ असे विचारले जाते, रक्त काढले जात नाही. ज्याला त्वचेसाठी वारंवार डॉक्टरांकडे जावे लागते त्याची रक्ततपासणी अधिक वेळा होते, आणि तपासणी झालेल्याच माणसाला आपले कोलेस्टेरॉल ठाऊक असते. ‘इसब किंवा लालसर दाहयुक्त पुरळ’ असा ढोबळ प्रश्न विचारला की ॲटोपिक नसलेलीही पुष्कळ माणसे त्यात येतात, ही वेगळीच अडचण. इस्रायलमधल्या १,१६,८१६ रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात मुलाखतींऐवजी वैद्यकीय नोंदी वापरल्या होत्या, म्हणून त्याचे वजन अधिक. तिथे चयापचयाच्या बिघाडाशी नाते उठून दिसले ते मध्यम ते तीव्र आजार असलेल्यांत. डेन्मार्कमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात उत्पन्न, धूम्रपान, इतर आजार आणि औषधे हिशेबात घेतल्यावर हृदयविकाराचा वेगळा उरणारा धोका जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्याकडे या आकड्यांना आणखी एक अडसर आहे. आयसीएमआर-इंडियाब या आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथल्या प्रौढांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ७९ टक्के लोकांचा लिपिडपैकी किमान एक तरी आकडा बिघडलेला होता. ७२.३ टक्क्यांचे एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, कमी होते, २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त होते. एलडीएल जास्त असणारे ११.८ टक्केच होते. पाच धडधाकट माणसांमधल्या चौघांचा कागद कुठे ना कुठे ठळक अक्षरांत छापून येत असेल, तर इसब असलेल्या माणसाचाही तसाच येणार यात नवल नाही. त्याचा दोष इसबावर टाकणे म्हणजे पावसात भिजलेल्याने आपल्या ओल्या कपड्यांसाठी घरच्या गळक्या नळाला जबाबदार धरण्यासारखे आहे. म्हणून पुण्या-मुंबईतल्या एखाद्या त्वचारोग विभागाने नुसत्या आपल्या रुग्णांचे लिपिड मोजून टक्केवारी मांडली तर तिचा अर्थ लागत नाही. शेजारी त्याच वयाची, त्याच वजनाची, त्याच वस्तीतली, इसब नसलेली माणसे हवीत. पोटाचा घेर, पांढऱ्या तांदळाचे आणि साखरेचे प्रमाण, तंबाखू यांची नोंद हवी. आणि रक्त काढले त्या दिवशी चट्टे किती भडकलेले होते व कोणते औषध चालू होते, हेही लिहिलेले हवे.

वजनाच्या वाटेबद्दल पुरावा बराच स्वच्छ आहे. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र मोजले गेले, तेव्हा स्थूलता आणि इसब यांचे नाते उत्तर अमेरिकेत आणि आशियात दिसले, युरोपात दिसले नाही. इसबाच्या दाहातूनच वजन वाढत असते तर खंडाखंडांत असा भेद पडला नसता. जन्मतः मिळालेल्या जनुकीय भेदांचा आधार घेऊन कार्यकारणाची दिशा तपासण्याची एक पद्धत आहे. तिने २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवले की वाढलेले वजन इसबाची शक्यता किंचित वाढवते. इसबामुळे वजन वाढते असा पुरावा मात्र मिळाला नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला उंदरांवरचा प्रयोग त्याला जोडून पाहावा. लठ्ठ उंदरांतला इसबसदृश दाह निराळ्याच जातीचा निघाला आणि सडपातळ उंदरांना गुणकारी ठरलेला उपाय त्यांना उलट बाधला. तेव्हा लठ्ठपणा, बिघडलेले ट्रायग्लिसराइड आणि चिवट इसब ही तिन्ही एकाच घरात दिसतात, पण त्यांतला मोठा भाऊ बहुधा लठ्ठपणा आहे.

आता दाहाकडे वळू, कारण ‘दाह म्हणजे कोलेस्टेरॉल वाढणारच’ हे गृहीतक फार पक्के बसले आहे. प्रत्यक्षात तीव्र दाहात रक्तातले एलडीएल आणि एचडीएल दोन्ही खाली येतात आणि ट्रायग्लिसराइड वर जाते. संधिवातात हे उत्तम अभ्यासले गेले आहे: सांधे पेटलेले असताना कोलेस्टेरॉल कमी भरते, आणि त्याच काळात हृदयाचा धोका मात्र जास्त असतो. दाहामुळे शरीर कोलेस्टेरॉलच्या संयुगांचा नेहमीपेक्षा वेगाने फडशा पाडते. उपचारांनी दाह शमला की तो वेग पूर्वपदावर येतो आणि आकडा वर चढतो. इसबाचा दाह संधिवाताच्या जातीचा नाही, त्यातले संदेशवाहक वेगळे आहेत, म्हणून हा हिशेब जसाच्या तसा उचलून इथे लावता येणार नाही. पण एवढे नक्की, की भडकलेल्या इसबात, अंगभर ओले चट्टे आणि त्यावर जंतुसंसर्ग असताना काढलेल्या रक्तातला ‘चांगला’ आकडा निर्धास्त करणारा नसतो आणि ‘वाईट’ आकडाही कायमचा नसतो.

इथे सर्वांत बळकट आक्षेप येतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली ३,८७,४३९ इसबग्रस्त प्रौढांची तुलना १५ लाखांहून अधिक इतरांशी केली गेली. तीव्र इसब असलेल्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे २० टक्क्यांनी, हृदयविकाराचा झटका आणि हृदयविकाराने मृत्यू यांचा ४० ते ५० टक्क्यांनी, तर हृदय निकामी होण्याचा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक निघाला. हृदयाला धोका आहे तर चरबी निर्दोष कशी, असे कोणी विचारील. या अभ्यासाला मी हलके लेखत नाही. या विषयातले ते सर्वांत भक्कम काम आहे. पण त्यात ‘तीव्र’ कोणाला म्हटले हे पाहावे लागते. ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा प्रकाशोपचार दिले गेले, किंवा ज्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवले गेले, ते तीव्र. म्हणजे आजाराची मोजपट्टीच अंशतः उपचारांची आहे, आणि त्या औषधांतली काही स्वतः चरबी आणि रक्तदाब वाढवणारी आहेत. उलट बाजूने हेही सांगायला हवे की, ज्यांचा इसब पाठपुराव्याच्या निम्म्याहून अधिक काळ सक्रिय राहिला त्यांच्यातही धोका जास्त होता. तो सगळा औषधांच्या माथी मारता येत नाही. माझ्या दृष्टीने निर्णायक बाब पुढची आहे. वजन, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल हे सारे हिशेबात घेतल्यावर तो धोका काहीसा घटला, पण संपला नाही. सगळा धोका कोलेस्टेरॉलच्या वाटेने आला असता तर या टप्प्यावर तो मावळायला हवा होता. उरलेला भाग रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरच्या दाहाचा, न मोजलेल्या जीवनशैलीचा किंवा दोन्हींचा असू शकतो. लिपिडच्या आकड्यावर तो वाचता येत नाही, म्हणून तीव्र इसबाच्या रुग्णाला ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, हृदयाची काळजी नको’ असे सांगणेही बरोबर नाही.

राहिली औषधांची वाट. माझ्या मते प्रत्यक्ष व्यवहारात तीच सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. तोंडावाटे स्टिरॉइड महिनोन्‌महिने चालले की भूक, वजन, साखर आणि ट्रायग्लिसराइड चढतात. आपल्याकडे ती गोळी आणि लांब मुदतीचे इंजेक्शन किती सहज दिले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. क्लोबेटासोलसारखे जहाल मलम अंगाच्या मोठ्या भागावर, विशेषतः मुलांच्या कोवळ्या कातडीवर, दीर्घकाळ चोळले तर तेही शोषले जाऊन तसाच परिणाम करू शकते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत, घातली, तरी दुकानदाराने हाती दिलेली ट्यूब घराघरांत आहे. सायक्लोस्पोरिन एलडीएल आणि रक्तदाब दोन्ही वाढवते, आणि त्याच्या जोडीने कोलेस्टेरॉल उतरवणारी काही स्टॅटिन दिल्यास त्या स्टॅटिनची रक्तातली पातळी अनेक पटींनी वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. हृदयाचा डॉक्टर एक आणि त्वचेचा दुसरा, असे असले की ही गोष्ट दोघांच्या मधल्या फटीत पडते. इसबावरच्या ड्युपिलुमॅब या इंजेक्शनमुळे लिपिडवर लक्षणीय परिणाम दिसत नाही. जॅक एन्झाइम रोखणाऱ्या बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब, अब्रोसिटिनिब या गोळ्यांनी मात्र एलडीएल आणि एचडीएल दोन्ही पहिल्या काही आठवड्यांतच वर जातात आणि पुढे स्थिरावतात. ही वाढ दाह शमल्याची खूण आहे, तेव्हा ती निरुपद्रवी मानावी, असा युक्तिवाद केला जातो. त्याला आधार आहे: संधिवातात टोसिलिझुमॅब या औषधाने एलडीएल वाढूनही हृदयविकाराचे झटके तुलनेच्या औषधापेक्षा लक्षणीय वाढले नाहीत. पण त्याच संधिवातात, पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाचा किमान एक धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांच्या चाचणीत टोफासिटिनिब ही जॅक रोखणारीच गोळी घेणाऱ्या ३.४ टक्क्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना घडल्या, तुलनेच्या गटात २.५ टक्क्यांना. इसबाचे रुग्ण बहुधा वयाने लहान असतात, म्हणून हे आकडे त्यांना सरसकट लागू नाहीत. तरी टोफासिटिनिबच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या भारतात मुबलक मिळतात आणि इसबालाही वापरल्या जातात, हे पाहता ‘वाढू द्या, काही होत नाही’ हे उत्तर मला बेफिकीर वाटते. या औषधांमुळे वाढलेल्या एलडीएललाही तोच नियम लावावा जो एरवी लावतात.

यावरून कोणाचे रक्त तपासायचे हे आपोआप ठरत जाते. कोपराच्या घडीत चट्टे असलेल्या सहा वर्षांच्या सडपातळ मुलाला इसबासाठी म्हणून लिपिड प्रोफाइलची गरज नाही. आईवडिलांपैकी कोणाला ऐन तारुण्यात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा घराण्यात अतिकोलेस्टेरॉल असेल तर तपासणी करावी, पण ते कारण इसबाचे नव्हे. वांगे, आंबट, दूध, अंडे असे एकेक करून आधीच पुष्कळ पदार्थ ज्याच्या ताटातून उचलले गेले आहेत, त्याच्या पोळीवरचे तूप आणि मूठभर शेंगदाणे कोलेस्टेरॉलच्या भीतीने काढून घेणे हा त्या मुलावर अन्याय आहे. स्थूल मुलाची, वर्षानुवर्षे तीव्र आजार सोसणाऱ्या प्रौढाची आणि पोटातून औषध सुरू करणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट वेगळी. यांच्या तपासणीत चट्टे त्यातल्या त्यात शांत असताना रक्त घ्यावे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल तर सूत्राने काढलेल्या एलडीएलवर विसंबू नये, कारण पुष्कळ प्रयोगशाळा ते मोजत नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून छापतात. जॅक रोखणारी गोळी असेल तर औषधानुसार चार ते बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. त्या दुसऱ्या कागदाचा अर्थ लागण्यासाठी पहिला कागद लागतो, म्हणून सायक्लोस्पोरिन असो, स्टिरॉइड असो की जॅकची गोळी, पहिला डोस पोटात जाण्याआधी एकदा रक्त काढून तो रिपोर्ट त्वचेच्या फायलीत लावून ठेवावा, आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना तीच फाइल बरोबर न्यावी.